बांबूच्या तंतूपासून विद्युत् निरोधक कागद

गावाच्या वेशीजवळ दोन खांबांवर बसविलेले रोहित्र ही महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांची परिचित खूण झाली आहे. ११ किलोव्होल्ट दाबाने आलेली वीज हे यंत्र ४३३ व्होल्टपर्यंत उतरविते आणि मग घरातील दिवा, पिठाची गिरणी, नळयोजनेचा पंप व विहिरीवरील मोटार यांना ती वापरण्याजोगी होते. ऐन रब्बीच्या हंगामात रोहित्र जळाले, तर त्याची झळ प्रथम उभ्या पिकाला आणि पिण्याच्या पाण्याला बसते. रोहित्रात लोखंडी गाभा असतो, तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या तारेची वेटोळी असतात आणि तेल असते, हे बहुतेकांना ठाऊक असते. या वेटोळ्यांच्या थरांमध्ये आणि पुष्कळदा प्रत्येक तारेवरही कागद गुंडाळलेला असतो, आणि रोहित्राचे आयुष्य मुख्यतः त्या कागदाच्या आयुष्यावर ठरते, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. तेल गाळता येते, बदलता येते. वेटोळे उलगडल्यावाचून कागद बदलता येत नाही.

हा कागद मुख्यतः शीत प्रदेशातील सूचिपर्णी वृक्षांच्या लांब तंतूपासून तयार होतो. भारतात अशा वृक्षांची वने बहुतांशी हिमालयाच्या पट्ट्यापुरती मर्यादित असून लांब तंतूचा लगदा मोठ्या प्रमाणावर परदेशांतून आणावा लागतो. दुसरीकडे, लांब तंतू देणारी एक वनस्पती गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत आपल्या रानात आणि बांधावर उभी आहे. ती म्हणजे बांबू. बांबूच्या तंतूपासून निरोधक कागद करता येईल काय, त्यासाठी कोणत्या कसोट्या उतराव्या लागतील आणि त्यांतील कोणते काम गावपातळीवरच व्हावयाचे आहे, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

कागद वीज कशी रोखतो

कागद हा मूलतः सेल्युलोजच्या तंतूंचा विणलेला नव्हे, तर एकमेकांत गुंतलेला थर होय. सेल्युलोजमध्ये विजेचे वहन करणारे मोकळे कण नसतात, त्यामुळे शुद्ध आणि कोरडा कागद विजेला वाट देत नाही. परंतु तंतूंच्या मधल्या पोकळ्यांत हवा असते. हवा दर मिलिमीटरला सुमारे ३ किलोव्होल्टपेक्षा अधिक दाब सोसू शकत नाही. तेथे ठिणगी पडते आणि कागद आतून जळू लागतो. म्हणून रोहित्र तयार करताना वेटोळी निर्वात भट्टीत तापवून त्यांतील ओलावा व हवा काढून घेतली जाते आणि मग आत तेल सोडले जाते. तेल पोकळ्या भरून काढते. कागद आणि तेल यांची ही जोडी दोघांच्याही स्वतंत्र बळापेक्षा कितीतरी अधिक दाब सहन करते.

या जोडीची थोरवी फार पूर्वीच सिद्ध झाली आहे. लंडनजवळच्या डेप्टफर्ड वीजकेंद्रासाठी सेबास्टियन फेरांटी यांनी १८९० च्या सुमारास १०,००० व्होल्ट दाबाची केबल तयार केली, तेव्हा तिच्या निरोधनासाठी त्यांनी मेणात भिजविलेला तपकिरी कागदच वापरला होता. पुढे केबलींमध्ये कागदाची जागा बव्हंशी प्लास्टिकने घेतली. रोहित्रांत मात्र तसे घडले नाही. गावातील लहान रोहित्रापासून ७६५ किलोव्होल्टच्या महाकाय रोहित्रापर्यंत, तेल भरलेल्या यंत्रांमध्ये कागदाचेच राज्य आहे.

कागदाला केवळ विजेचा दाब सोसावा लागतो असे नाही. वाहिनीवर शॉर्ट सर्किट झाले की वेटोळ्यांना क्षणार्धात जबरदस्त हिसका बसतो. त्या हिसक्यात जो कागद फाटला नाही तो रोहित्राला वाचवितो. म्हणून निरोधक कागद शुद्ध हवा, तसाच तो चिवटही हवा.

कागदाचे म्हातारपण

सेल्युलोजचा रेणू म्हणजे ग्लुकोजच्या घटकांची लांब साखळी. नव्या निरोधक कागदात एका साखळीत सरासरी हजार किंवा त्याहून अधिक दुवे असतात. उष्णता, पाणी, आम्ल आणि प्राणवायू यांच्या योगाने हे दुवे हळूहळू तुटत जातात. साखळीची सरासरी लांबी २०० दुव्यांवर आली की कागद ठिसूळ होतो आणि त्याचे कार्य संपले असे मानले जाते.

तपमानाचा परिणाम येथे फार मोठा आहे. साध्या क्राफ्ट कागदासाठी वेटोळ्यातील सर्वांत उष्ण जागेचे तपमान ९८ अंश सेल्सिअस हे प्रमाण मानतात. त्याहून प्रत्येक ६ अंश वाढीला कागदाची झीज दुप्पट वेगाने होते, असा अभियंत्यांचा हिशेब आहे. ओलाव्याचेही तसेच. कागदातील पाणी दुप्पट झाले की झिजेचा वेगही साधारणतः दुप्पट होतो. आणि सेल्युलोज झिजताना पुन्हा पाणीच निर्माण करतो. रोहित्राला जोडलेल्या श्वसनपात्रातील सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ते बदलावे लागतात, त्यामागील कारण हेच. ते दाणे आत जाणाऱ्या हवेतील ओलावा टिपून घेतात आणि कागदाचे रक्षण करतात.

ज्या रोहित्रावर मंजूर क्षमतेपेक्षा अधिक मोटारी चालतात, ज्याचे तेल कमी झाले आहे आणि ज्याचे दाणे महिनोन्‌महिने गुलाबी आहेत, त्यातील कागद अकाली वृद्ध होतो. कागद कोणत्याही झाडाचा असो, या नियमातून त्याची सुटका नाही.

बांबू आणि वीज : जुने नाते

बांबू आणि वीज यांची गाठ नवी नाही. थॉमस एडिसन यांनी १८८० मध्ये विजेच्या दिव्यासाठी बांबूच्या कोळशाची तार वापरली. जपानमधील क्योटोजवळच्या यावाता येथील बांबू त्यासाठी उत्तम ठरला आणि असे दिवे हजार तासांहून अधिक काळ जळत राहिले. तेथे बांबू जाळून, त्याचा कोळसा करून त्यातून वीज वाहविली होती. येथे प्रश्न नेमका उलट आहे. बांबूचा तंतू असा राखावयाचा की त्यातून वीज वाहू नये.

कागदासाठी बांबू वापरण्याची कल्पनाही शतकाहून जुनी आहे. इंग्लंडमधील कागद उत्पादक थॉमस रूटलेज यांनी १८७५ मध्ये बांबूपासून कागद करण्याविषयी पुस्तिका प्रसिद्ध केली. डेहराडून येथील वन संशोधन संस्थेत विल्यम रेट यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांबू शिजविण्याच्या पद्धतींचा अभ्यास केला. बांबूतील पिष्ट व तत्सम द्रव्ये सौम्य द्रावणाने आधी काढून घ्यावीत आणि लिग्निन मागाहून विरघळवावे, अशी टप्प्याटप्प्याची रीत त्यांनी बसविली. १९२५ मध्ये बांबूपासून होणाऱ्या कागदाला संरक्षण देणारा कायदा देशात झाला. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागद गिरणीने चंद्रपूर व गडचिरोलीच्या रानांतील बांबूवर आपला उद्योग उभारला. म्हणजे बांबूपासून कागद हा महाराष्ट्राला नवा विषय नव्हे. नवी आहे ती त्या कागदाची कसोटी.

तंतूचे गुण व अवगुण

बांबूच्या तंतूची लांबी साधारणतः १.५ ते ४ मिलिमीटर भरते. निलगिरीसारख्या रुंदपर्णी वृक्षांचा तंतू सुमारे १ मिलिमीटरचा असतो. सूचिपर्णी वृक्षांचा २.५ ते ४ मिलिमीटरचा. बांबू या दोहोंच्या मध्ये, पण सूचिपर्णींच्या अधिक जवळ बसतो. शिवाय त्याचा तंतू बारीक असतो; जाडीच्या शंभरपटीहून अधिक त्याची लांबी भरते. असे तंतू एकमेकांत चांगले गुंततात आणि कागदाला फाटण्याविरुद्ध बळ देतात. ही बांबूची जमेची बाजू.

खर्चाची बाजूही तितकीच ठळक आहे. बांबूच्या कळकात तंतूंचे प्रमाण सुमारे ४० टक्के असते. जवळपास निम्मा भाग मऊ पेशींचा असतो आणि त्यांत पिष्ट साठलेले असते. घुशी किडा बांबू पोखरतो तो या पिष्टासाठीच. या पेशी लगद्यात राहिल्या तर त्यांचा बारीक भुगा होतो आणि कागद सर्वत्र सारखा होत नाही. बांबूत पाणी धरून ठेवणारे हेमिसेल्युलोज बरेच असते आणि उष्णतेत ते सेल्युलोजच्या आधी विघटित होते. पेराच्या गाठीजवळचे तंतू आखूड व वाकडे असतात; लांब तंतू दोन गाठींमधील कांड्यात सापडतात.

सर्वांत मोठी अडचण राखेची. बांबू जमिनीतील सिलिका शोषून घेतो आणि ती प्रामुख्याने आपल्या बाहेरच्या गुळगुळीत सालीत साठवितो. बांबूवर कोयता लवकर बोथट होतो, याचे एक कारण ही सिलिका. लिहिण्याच्या कागदात थोडी राख राहिली तर बिघडत नाही. तेथे तर चिनी मातीसारखे भरण मुद्दाम घालतात. निरोधक कागदात मात्र कोणतेही भरण, तुरटी, राळ किंवा क्लोरिनने केलेले विरंजन चालत नाही. सोडियम, कॅल्शियम, लोह, क्लोराइड यांचे अत्यल्प अंशही तेलात तापलेल्या कागदात विजेला चोरवाट करून देतात. त्यामुळे कागद गरम होतो आणि गरम झाल्याने अधिकच झिजतो. सामान्य कागदाची परीक्षा त्यावर काय लिहिता येते यावरून होते. निरोधक कागदाची परीक्षा त्यात काय उरलेले नाही यावरून.

लगदा ते कागद

निरोधक कागदासाठी क्राफ्ट पद्धत मान्यता पावलेली आहे. ‘क्राफ्ट’ या जर्मन शब्दाचा अर्थच बळ असा आहे. कार्ल डाल यांनी १८८४ मध्ये या पद्धतीचे एकस्व मिळविले. या पद्धतीत बांबूचे तुकडे कॉस्टिक सोडा व सोडियम सल्फाइड यांच्या द्रावणात, बंद पात्रात, सुमारे १६० ते १७० अंश तपमानावर शिजविले जातात. तंतूंना जखडून ठेवणारे लिग्निन विरघळते आणि तंतू सुटे होतात. शिजविणे अपुरे राहिले तर काड्या उरतात. अति झाले तर सेल्युलोजच्या साखळ्याच तुटतात. ज्या साखळ्यांवर रोहित्राचे आयुष्य अवलंबून, त्या कारखान्यातच तुटाव्यात हे परवडणारे नाही.

शिजविण्यापूर्वी बांबू धुणे, शक्य तेथे सालीचा व गाठींचा भाग वेगळा करणे आणि तुकडे चाळून भुगा काढून टाकणे, ही पहिली पायरी होय. गरम पाण्याची पूर्वप्रक्रिया केल्यास पिष्ट व हेमिसेल्युलोजचा काही भाग आधीच निघून जातो. शिजविल्यानंतर लगदा वारंवार धुवावा लागतो. सौम्य आम्लाने धातूंचे अंश काढून शेवटची धुलाई क्षारविरहित पाण्याने करावी लागते. विहिरीचे किंवा नदीचे साधे पाणी स्वच्छ दिसले तरी त्यातील क्षार कागदात उतरतात. त्यानंतर चाळण्या व चुंबक यांच्या साहाय्याने वाळूचे आणि लोखंडाचे कण काढावयाचे, तंतू योग्य तेवढे कुटावयाचे आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा किंवा त्याहूनही पातळ, छिद्ररहित कागद काढावयाचा.

बांबूची इतकी शुद्धी होऊ शकते काय, या शंकेला भारतातच उत्तर मिळाले आहे. केरळातील मावूर येथे १९६३ पासून बांबूवर प्रक्रिया करून रेयॉनच्या दर्जाचा लगदा काढला जात असे. रेयॉनसाठीही राख व सिलिका यांवर कडक मर्यादा असतात. तो कारखाना १९९९ मध्ये बंद पडला; पण बांबूतील नको असलेली द्रव्ये मोठ्या प्रमाणावर काढून टाकता येतात, एवढे त्याने दाखवून दिले. निरोधक कागदासाठी मात्र या शुद्धीबरोबर तंतूचे बळही टिकवावे लागते, आणि खरे कौशल्य येथेच आहे.

तयार कागदाची परीक्षा अनेक अंगांनी घ्यावी लागते. ताण व फाटण्याचे बळ, राख, अर्काचे आम्लत्व व विद्युत् वाहकता, हवेची पार्यता आणि विजेचा दाब सोसण्याची शक्ती यांची मापे घेतात. त्यानंतर कागद तेलात बुडवून दीर्घकाळ तापवितात आणि साखळ्या किती टिकल्या ते मोजतात. या शेवटच्या परीक्षेत प्रचलित कागदाच्या बरोबरीने उतरल्याशिवाय बांबूचा कागद कोणत्याही रोहित्रात घालणे योग्य नव्हे. प्रारंभ अतिउच्च दाबाच्या यंत्रांपासून न करता लहान वितरण रोहित्रांपासून करणे आणि आरंभी बांबूचा लगदा सूचिपर्णी लगद्यात मिसळून पाहणे, हा शहाणपणाचा क्रम ठरेल.

गावाचे काम कोणते

हा उद्योग कुटीरोद्योग नाही, हे ग्रामपंचायतींनी आरंभीच ध्यानात घेतले पाहिजे. क्राफ्ट पद्धतीतील काळे द्रावण ओढ्यात सोडले तर पाणी नासते. ते आटवून, जाळून त्यातील रसायने परत मिळविणारी यंत्रणा मोठ्या कारखान्यालाच शक्य असते. आणि बांबूची सिलिका त्या यंत्रणेतही पुटे धरते. त्यामुळे लगद्याची भट्टी गावात घालण्याचे प्रस्ताव आले तर ते सावधपणे तपासावेत.

गावाचे खरे काम बेटात आहे. बांबूचा कोंब पावसाळ्यात वर येतो आणि काही महिन्यांतच पूर्ण उंची व जाडी गाठतो. पण त्याचा तंतू पक्व होण्यास तीन ते चार वर्षे लागतात. कोवळा व जून बांबू एकाच पात्रात शिजला तर एक अति शिजतो आणि दुसरा कच्चा राहतो. म्हणून प्रत्येक कळकावर त्याच्या वर्षाची रंगाने खूण करणे, पक्व कळकच तोडणे, पावसाळ्यात तोड बंद ठेवणे, मोळ्या चिखलात न टाकता उंचवट्यावर रचणे, लोखंडी तारेऐवजी बांबूच्याच कामट्यांनी त्या बांधणे आणि जाती मिसळू न देणे, ही कामे साधी दिसली तरी कारखान्यातील निम्मी चिंता वाचवितात. मानवेल, कटांग आणि कोकणातील माणगा यांच्या भिंतीची जाडी व तंतूंचे प्रमाण सारखे नसते. फर्निचरसाठी बोरॅक्सच्या द्रावणात मुरविलेला बांबूही या मालात येऊ देऊ नये, कारण त्यासोबत क्षार येतात.

बेट राखण्याचा धडा जुन्या अनुभवातून मिळतो. कर्नाटकातील बांबूच्या ऱ्हासाचा अभ्यास माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात केला. कागद गिरणीसाठी तोड करताना बेटाच्या बुंध्याशी असलेले काटेरी जाळे साफ केले जाई. तोड सुलभ व्हावी आणि बेट मोकळे व्हावे, हा हेतू. परंतु ते जाळे नाहीसे होताच कोवळे कोंब गुरांच्या व रानातील प्राण्यांच्या तोंडी पडत आणि बेटाची नवी वाढ खुंटे. स्थानिक लोक हे काटे कधी काढीत नसत. कच्च्या मालाचा पुरवठा कागदावर कितीही भरपूर दिसला, तरी बेट कोण तोडतो आणि कसे तोडतो यावर त्याचे भवितव्य ठरते. त्यात सामूहिक फुलोऱ्याचा धोका वेगळाच. कित्येक दशकांनी एखाद्या टापूतील बेटे एकदम फुलतात आणि बी धरून मरतात. म्हणून एकाच जातीवर व एकाच रानावर विसंबून राहू नये.

बांबूवरील हक्काची स्थितीही बदलली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात स्थान दिले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरील बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळण्यात आला, त्यामुळे शेतकऱ्याला बांधावरचा बांबू तोडणे व नेणे सुकर झाले. चंद्रपूर जिल्ह्यातील चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे आहे. हक्क, प्रशिक्षण आणि कच्चा माल यांची मांडणी राज्यात अशी एकत्र आलेली आहे.

तथापि, हक्क मिळूनही बांबू केवळ वजनावर किंवा नगावर विकला गेला, तर गावाच्या हाती कच्च्या मालाचीच किंमत पडते. वयाची नोंद असलेला, जातवार निवडलेला व मातीविरहित बांबू हा मात्र वेगळा माल होय. त्याला वेगळा भाव मागण्याचा आधार ग्रामसभेच्या नोंदवहीत असतो. ही नोंदवही निरोधक कागदाचा कारखाना उभा राहण्याची वाट न पाहता आजच सुरू करता येईल. हस्तकला, बांधकाम किंवा साधा कागद, यांपैकी कोणत्याही गिऱ्हाईकाला अशा मालाचा उपयोगच आहे. बुरूड कारागिरांच्या गरजेचा बांबू आधी बाजूला काढून उरलेला उद्योगाला देण्याचा निर्णयही या नोंदीवरूनच न्यायाने घेता येईल.

प्रयोगशाळेने शुद्धीची रीत बसवावी, गिरणीने ती पाळावी आणि वीज क्षेत्राने कागद कसून तपासावा. परंतु या साखळीचा पहिला दुवा बेटाच्या बुंध्याशी आहे. तेथे कोयता चालविणाऱ्या माणसाला कोणता कळक ठेवावयाचा आणि कोणता तोडावयाचा हे कळले आणि त्या कळण्याचा योग्य मोबदला त्याला मिळाला, तरच गावच्या रानातील बांबू गावच्या वेशीवरील रोहित्रात पोचू शकेल.